मेथडिस्ट उपदेशक आणि त्याचे घर

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर दोन तारखा उभ्या राहतात. १३ ऑक्टोबर १९३५, येवला. आणि १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. या दोन तारखांच्या मध्ये एकवीस वर्षांचा विचार आहे, अभ्यास आहे, लढा आहे. हे सारे खरेच आहे. परंतु या तारखांच्या आधी आणि त्यांच्या बाजूने अस्पृश्यांच्या वस्तीत आणखी एक लहानसे धर्मांतर चालू होते. त्याचा नायक कोणी महापुरुष नव्हता. तो गावोगाव पायी हिंडणारा, हातात शुभवर्तमान घेतलेला, महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर घर चालवणारा ‘उपदेशक’ होता. भंडारा-नागपूरचा पट्टा, वऱ्हाड, अहमदनगर, सोलापूर, बिदर अशा सर्व भागांत हा माणूस कोणत्या ना कोणत्या मिशनच्या नावाने वावरला. भंडाऱ्यात स्कॉटिश मिशन होते, नगरला अमेरिकन मराठी मिशन होते, इतरत्र मेथडिस्ट होते. आपल्या वाङ्मयात मात्र तो जवळजवळ नाही.

त्याच्याविषयी दोन ठराविक मते आहेत. एक मत सांगते, तो परक्यांचा हस्तक होता, भाकरीसाठी बाटला. दुसरे मत, विशेषतः मिशनच्या अहवालातले, सांगते की तो अंधारातून उजेडात आला. या दोन्ही मतांत तो माणूस म्हणून कोठेच दिसत नाही. त्याची बायको, त्याची मुले, त्याचे भाऊबंद तर मुळीच दिसत नाहीत. म्हणून येथे मेथडिस्ट उपदेशक ही संस्था काय होती, तिने अस्पृश्याला काय दिले, काय दिले नाही आणि त्याच्या घराचे पुढे काय झाले, याचा विचार करावयाचा आहे. मेथडिस्टच निवडण्याचे कारण असे की, सामान्य माणसाला धर्मपीठावर उभे करण्याची रीत या पंथाने इतरांपेक्षा अधिक पद्धतशीरपणे बसवली होती.

मेथडिस्ट म्हणजे काय?

हा पंथ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिला. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा ऑक्सफर्डचा विद्वान आणि इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा धर्मगुरू. तो आणि त्याचे सोबती प्रार्थना, उपवास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी हे सारे ठरलेल्या शिस्तीने करीत. म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, असे चिडवले. चिडवण्याचे नावच पुढे पंथाचे नाव झाले. ज्यांना हिणवण्यासाठी नावे दिली गेली आणि ज्यांनी ती नावे अभिमानाने धारण केली, अशांच्या रांगेत हेही एक नाव आहे.

१७३९ साली वेस्ली देवळाबाहेर पडला आणि ब्रिस्टलजवळच्या कोळसा खाणीतील मजुरांपुढे उघड्या माळावर बोलू लागला. त्याचे खरे काम मात्र प्रवचन नव्हते, संघटना हे होते. सुमारे बारा माणसांचा एक ‘वर्ग’, त्याचा एक पुढारी, आठवड्याची एक बैठक, आणि प्रत्येकाची आठवड्याला एक पेनी वर्गणी, अशी घडी १७४२ च्या सुमारास बसली. अनेक गावांचा मिळून एक फेरा; त्या फेऱ्यावर हिंडणारा प्रवासी उपदेशक; आणि गावातच राहून आपला धंदा सांभाळून बोलणारा स्थानिक उपदेशक. या स्थानिक उपदेशकाला विद्यापीठाची पदवी लागत नव्हती. तो चांभार असे, विणकर असे, खाणमजूर असे. इंग्लंडच्या मजूर चळवळीतील पुष्कळ वक्ते आणि पुढारी याच शाळेत बोलायला शिकले. सभा कशी घ्यावी, हिशेब कसा ठेवावा, वर्गणी कशी गोळा करावी, चारचौघांत उभे राहून तोंड कसे उघडावे, हे त्यांना येथे कळले.

आपल्या संदर्भात याचा अर्थ काय, तो नीट पाहिला पाहिजे. वर्णव्यवस्थेने अस्पृश्याला देवळाबाहेर ठेवले, ही अर्धी गोष्ट झाली. तिने त्याच्याकडून अर्थ सांगण्याचा अधिकार काढून घेतला, ही दुसरी आणि अधिक भयंकर गोष्ट. चोखामेळ्याला अभंग रचता आला, पण देवळात पाऊल टाकता आले नाही. ग्रंथ उघडून चार माणसांना त्याचा अर्थ सांगणारा महार किंवा मांग ही कल्पनाच या समाजाला असह्य होती. मेथडिस्ट रीतीने नेमका हाच अधिकार देऊ केला. पुस्तक हातात घे, वाच, अर्थ सांग. हा अधिकार परक्याच्या हातून आला, अटींसह आला, तरी तो आला हे नाकारण्यात अर्थ नाही.

गुलाम, चर्च आणि रिचर्ड अॅलन

पण समतेचा उपदेश करणारी संस्था समतेने वागतेच असे नाही. याचा मोठा पुरावा अमेरिकेत आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असला पाहिजे.

वेस्लीने १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मृत्यूपूर्वी अवघे काही दिवस आधी त्याने विल्बरफोर्सला पत्र लिहिले, तेही याच प्रश्नावर. त्याच्या अमेरिकन अनुयायांनी मात्र काय केले? रिचर्ड अॅलन हा १७६० साली गुलाम म्हणून जन्मला. त्याच्या मालकाने त्याच्या आईला आणि काही भावंडांना विकून टाकले. म्हणजे या आद्य मेथडिस्ट उपदेशकाचे कुटुंब बाजारात मोडले गेले होते. अॅलनने कष्ट करून पैसे जमवले, स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि तो मेथडिस्ट उपदेशक झाला. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्याची प्रवचने काळ्या लोकांना ओढून आणू लागली, तेव्हा त्याच चर्चने काळ्यांना वेगळ्या जागी बसवण्यास सुरुवात केली. प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या काळ्या उपासकाला ओढून उठवण्यात आले, तेव्हा अॅलन आणि त्याचे सोबती उठून बाहेर पडले ते परत गेले नाहीत. १७९४ मध्ये त्यांनी बेथेल चर्च उभारले आणि १८१६ मध्ये काळ्यांचा स्वतंत्र मेथडिस्ट पंथ स्थापला. अॅलन त्याचा पहिला बिशप.

१८४४ साली अमेरिकेतील मुख्य मेथडिस्ट चर्च गुलामगिरीच्या प्रश्नावर दुभंगले. जॉर्जियाच्या एका बिशपकडे गुलाम होते, हे त्याचे निमित्त. १९३९ साली दोन्ही भाग पुन्हा एक झाले, पण त्या वेळी काळ्या मंडळ्यांची एक वेगळी विभागणी करून त्यांना त्यात कोंबले. ती विभागणी १९६८ पर्यंत टिकली. भारतात येऊन अस्पृश्यांना समता सांगणारे मिशन या चर्चचे होते. यावरून मिशनऱ्यांचा हेतू खोटा होता, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पण बाकांवरची समता आणि सिद्धान्तातली समता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे या इतिहासावरून कायमचे शिकावे.

बरेलीचा जोएल

अमेरिकन मेथडिस्टांचे भारतातले काम १८५६ साली विल्यम बटलरने बरेलीला सुरू केले. त्याच्याजवळ भाषा नव्हती. अलाहाबादच्या प्रेसबिटेरियन मिशनने त्याला आपला एक हिंदी तरुण दिला. त्याचे नाव जोएल. मेथडिस्ट मिशनचा हा पहिला हिंदी उपदेशक. त्याची पत्नी एमा त्याच्याबरोबर बरेलीस आली. ३१ मे १८५७ हा रविवार होता. बटलर आपल्या कुटुंबासह आधीच नैनितालला निघून गेला होता आणि बरेलीत उपासना चालवण्याचे काम जोएलवर होते. त्या दिवशी बरेलीत उठाव झाला. मंडळीतील मारिया नावाची तरुणी मारली गेली. जोएल आणि एमा कसेबसे वाचले.

हा प्रसंग मिशनच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. पण त्यातील एक गोष्ट लक्षात घ्या. साहेब डोंगरावर सुरक्षित होता आणि हिंदी उपदेशक व त्याची बायको जागेवर होती. पहिल्या दिवसापासून कामाची आणि धोक्याची वाटणी अशी होती. आणि जोएलची हकीगत जगाला कळली ती बटलरच्या लेखणीतून. हिंदी उपदेशकाचे जीवन दुसऱ्याच्या अहवालातले एक प्रकरण होऊन राहते, ही परंपरा येथूनच सुरू झाली.

उठाव शमल्यावर मुरादाबादकडील मजहबी शीख या मिशनकडे वळले. पुढे रोहिलखंडातील लालबेगी म्हणजे भंगी आणि चांभार वस्त्या मोठ्या संख्येने आल्या. थोबर्न हा १८८८ साली भारताचा मिशनरी बिशप झाला, तोपर्यंत हे स्पष्ट झाले होते की या चर्चची बहुसंख्या अस्पृश्यांची असणार. मिशनऱ्यांनी हे ठरवून केलेले नव्हते. त्यांची नजर प्रथम वरच्या वर्णांकडे होती. अस्पृश्य स्वतः चालत आले.

मुंबईकडील सुरुवात वेगळी. विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला आणि त्याने प्रथम इंग्रजी बोलणाऱ्या युरोपियन व युरेशियन लोकांत मंडळ्या स्थापल्या. मुंबईत अनेक वर्षे साधेपणाने राहिलेला जॉर्ज बोवेन त्यात सामील झाला. रेल्वेच्या गावांतून हे काम आत सरकत गेले. मराठी वस्तीत ते उशिरा पोचले. आणि पोचले तेव्हा तेथेही ज्याला गमावण्यासारखे सर्वांत कमी होते तोच प्रथम पुढे आला.

दोन प्रकारची घरे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. धर्मांतराने घराचे काय होते?

ना. वा. टिळक मेथडिस्ट नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे. तरी त्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण मराठीत ख्रिस्ती उपदेशकाचे घर आपल्याला दिसते ते त्यांचेच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. ही गाडी वरठी, तुमसर, तिरोडा, गोंदिया अशी जुन्या भंडारा जिल्ह्यातूनच जाते. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर फुटले. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही ताटातूट आणि सोवळ्या-ओवळ्याची भिंत एकेक वीट करून कशी पडली, हे त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणाने सांगितले आहे.

मेथडिस्टांतील मराठी घराणे म्हणजे चितंबर. मराठी ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या आईबापांच्या पोटी जशवंत राव चितंबर १८७९ साली अलाहाबादला जन्मले. लखनौला शिकले, उपदेशक झाले, १९२२ साली लखनौ ख्रिश्चन कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले, आणि १९३० च्या अखेरीस कानपूरच्या परिषदेत मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे पहिले हिंदी बिशप म्हणून निवडून आले. १९४० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी सत्यवती याही स्त्रियांच्या सार्वजनिक कामात पुढे होत्या. चितंबर कर्तृत्ववान होते यात शंका नाही. पण ज्या चर्चची बहुसंख्या भंगी, चांभार, मांग, माला, मादिगा अशा वस्त्यांतून आली होती, त्या चर्चचा पहिला हिंदी बिशप ब्राह्मण कुळातला निघावा, याला केवळ योगायोग म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे अक्षर, इंग्रजी, आत्मविश्वास आणि साहेबाच्या टेबलावर बसण्याची सवय हे भांडवल बाप्तिस्म्याच्या पाण्याने वाहून जात नाही.

या दोन घराण्यांसमोर अस्पृश्य उपदेशकाचे घर ठेवा. ब्राह्मण धर्मांतर करी तेव्हा तो एकटा बाहेर पडे. बाप तोंड पाहत नसे, बायको माहेरी जाई, वारसा बुडे. त्याने घर गमावले. पण त्याला मिशनच्या आवारात, शाळेत, संपादकीय मेजावर, वरच्या पायरीवर जागा मिळाली. अस्पृश्य बहुधा घराण्यासह, कधी सबंध वस्तीसह आला. पुढे बिशप झालेला मेथडिस्ट मिशनरी वॉस्कम पिकेट याने १९३३ साली या सामुदायिक धर्मांतरांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा एक महत्त्वाचा मुद्दा असा की एकेकटा माणूस आपल्या समाजातून तोडून काढण्यापेक्षा सारा गट आपल्या नात्यागोत्यासह येणे हेच अधिक टिकाऊ असते. हे बरोबर आहे. अस्पृश्याचे घर मोडले नाही. पण त्याची जागाही बदलली नाही. तो त्याच वस्तीत, त्याच पाणवठ्याच्या बंदीत, त्याच पाटलाच्या धाकात राहिला. एकाने नाती गमावून जागा मिळवली. दुसऱ्याने नाती राखली आणि जागा होती तीच राहिली. धर्मांतराची किंमत आणि धर्मांतराचे फळ हीसुद्धा जातीप्रमाणेच वाटली गेली.

आता या घराची रोजची रीत पाहा. मेथडिस्ट शिस्तीत उपदेशकाची नेमणूक बिशपच्या हाती. वार्षिक परिषद भरे आणि अखेरीस नेमणुकांची यादी वाचली जाई. कोण कोठे जाणार, हे त्या यादीवरून ठरे. याचे दोन परिणाम झाले. पहिला चांगला: गावच्या बलुत्यात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेला माणूस त्या गावातून सुटला. वेसकरकी करणाऱ्या बापाचा मुलगा दुसऱ्या तालुक्यात ‘मास्तर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसरा वाईट: त्याचे मूळ तुटले. घर मिशनचे, पगार मिशनचा, मुलांची शाळा मिशनची, आजारपणात दवाखाना मिशनचा. नोकरी गेली तर हे सारे एका दिवसात जाणार. अशा माणसाने साहेबाविरुद्ध किंवा पाटलाविरुद्ध आवाज काढावा, ही अपेक्षा करणे सोपे, पण ती अपेक्षा पुरी होणे कठीण.

आणि उपदेशकाची बायको? तिच्या श्रमावर हे काम उभे होते. ती वस्तीतल्या बायकांना जमवी, अक्षरे शिकवी, बाळंतपणात धावे, मुलींना बोर्डिंगात पाठवण्यासाठी आयांची समजूत काढी. काही जणी ‘बायबलबाई’ म्हणून मिशनच्या यादीत होत्या. पुष्कळ जणी कोणत्याच यादीत नव्हत्या. अस्पृश्य समाजात शिकलेल्या, चारचौघांत बोलणाऱ्या स्त्रियांची एक पहिली फळी या घरांतून तयार झाली. आपल्या स्त्रीमुक्तीच्या चर्चेत तिची दखल घेतली जात नाही.

मिशनच्या छपराखालीही जात कशी आत शिरते, याचे एक उदाहरण नागपूरचेच आहे. जाईबाई चौधरी या महार समाजातील स्त्री. लहानपणी लग्न झालेल्या, नागपूर–कामठीच्या रस्त्यावर हमालीचे ओझे वाहणाऱ्या. एका मिशनरी बाईच्या साहाय्याने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी गिल्ला केला आणि त्यांची नोकरी गेली. जाईबाई खचल्या नाहीत. त्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाची शाळा काढली. मिशनने त्यांना अक्षर दिले. पण सवर्णांच्या दबावापुढे मिशनची शाळा टिकली नाही. पुढचा रस्ता त्यांना स्वतः खणावा लागला.

बाबासाहेबांचे परीक्षण

येवल्याच्या घोषणेनंतर सगळ्याच धर्मांचे लोक बाबासाहेबांकडे आशेने पाहू लागले. मुंबईचे मेथडिस्ट बिशप बॅडली यांनीही जाहीर स्वागत केले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास आधीपासून केलेला होता आणि येशूविषयी त्यांच्या मनात आदर होता. पण मिशनच्या कार्याविषयी त्यांचे मत कठोर होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी हे स्पष्टपणे मांडले: दक्षिणेत ख्रिस्ती देवळातही जात पाळली जाते; आणि शिकून पुढे आलेला ख्रिस्ती समाज आपल्या हक्कांसाठी राजकारणात लढत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात त्यांचे या विषयावरील दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर, दुसरा धर्मांतरिताच्या स्थितीवर. त्यांतील प्रतिपादनाचा सारांश असा: मिशनांनी कॉलेजे आणि दवाखाने उभारले, त्यांचा लाभ मुख्यतः सवर्णांनी घेतला, ज्यांनी खरोखर धर्म स्वीकारला तो अस्पृश्य मागेच राहिला. मिशनने त्याला शिकवले की तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या पापात आहे. ते मूळ समाजाच्या अन्यायात आहे, हे शिकवले नाही. म्हणून धर्मांतरित अस्पृश्य नम्र झाला, पण लढाऊ झाला नाही.

हे परीक्षण उपदेशकाच्या घराला लावून पाहिले तर त्यातील तथ्य पटते. रविवारी वेदीवर उभा राहून अर्थ सांगणारा माणूस सोमवारी पाणवठ्यावर गप्प बसतो, कारण त्याच्या पुस्तकाचा जो अर्थ त्याला शिकवला तो परलोकाचा होता. मात्र एक भर घालणे आवश्यक आहे. याच घरांतली पुढची पिढी शाळामास्तर, परिचारिका, रेल्वेचे कारकून झाली. वर्तमानपत्र वाचणारा, अर्ज लिहून देणारा, सभेचे टिपण ठेवणारा माणूस वस्तीला लागतो आणि तो काही ठिकाणी या घरातून आला. मिशनने जो अर्थ शिकवला त्यापेक्षा अधिक अर्थ माणसे स्वतः काढतात. अक्षर एकदा हातात आले की त्यावर देणाऱ्याची मालकी राहत नाही.

कायद्याने केलेली फाळणी

या घराला सर्वांत मोठा धक्का धर्माने दिला नाही, कायद्याने दिला. १९३६ च्या अनुसूचित जाती आदेशात स्पष्ट म्हटले होते की कोणताही हिंदी ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. येवल्याची घोषणा होऊन जेमतेम सहा-सात महिने झाले होते. स्वतंत्र भारताच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशानेही हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्यांना वगळले. त्यातून शिखांच्या काही जातींना सूट होती. १९५६ साली ही सवलत सर्व शीख अनुसूचित जातींना आणि १९९० साली बौद्धांना मिळाली. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती त्याआधीच दिल्या होत्या. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेले लोक इतर मागासवर्गीयांच्या यादीत धरले जातात.

याचा अर्थ काय होतो, ते भंडाऱ्याच्याच उदाहरणाने पाहू. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे स्वतः बाबासाहेब उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी अशोक मेहता निवडून आले. या निवडणुकीची चर्चा आपण पुष्कळ करतो. पण ही एक बाजूही ध्यानात घ्या: त्या राखीव जागेवर त्याच वस्तीतला, त्याच रक्ताचा, पण बाप्तिस्मा घेतलेला माणूस उभाच राहू शकला नसता. चुलत्याचा मुलगा अनुसूचित, पुतण्या नाही. गावाला दोघेही महारच; सरकारी कागदाला मात्र एकच.

१९८५ साली मद्रासच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका ख्रिस्ती चांभाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. हिंदू चांभारांना सरकारने टपऱ्या दिल्या, त्याला दिली नाही. न्यायालयाने सांगितले की धर्म बदलल्यानंतरही जातीची हीनता तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे सिद्ध झाले पाहिजे. आणि दाद दिली नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात पुन्हा सांगितले की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू असल्याचा दावा मान्य होणार नाही. या कोंडीतून अनेक घरांनी आपला मार्ग काढला: कागदावर एक नाव, मंडळीत दुसरे. बाहेरचे त्यांना लबाड म्हणतात. पण माणसाला दोन नावांनी जगायला लावणाऱ्या कायद्याला काय म्हणावे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१९५६ आणि त्यानंतर

नागपूरचे धर्मांतर या जुन्या धर्मांतरापेक्षा कोठे वेगळे होते, हे आता अधिक स्पष्ट दिसते. तेथे माणसे एकेकटी आली नाहीत. वस्त्याच्या वस्त्या, नात्यागोत्यासह आल्या. इथवर ते पिकेटने वर्णन केलेल्या सामुदायिक धर्मांतरासारखे. पण तेथे पगार देणारा कोणी नव्हता, नेमणूक करणारा बिशप नव्हता, परदेशी निधी नव्हता. बावीस प्रतिज्ञांत आत्म्याच्या पापाचा उल्लेख नव्हता. देवदेवतांचा, श्राद्धाचा, ब्राह्मणी कर्मकांडाचा आणि विषमतेचा त्याग होता. दुःखाचे मूळ कोठे आहे याचे उत्तर तेथे समाजाकडे बोट दाखवून दिले गेले. मेथडिस्ट उपदेशकाच्या हाती जे पुस्तक होते त्याचा अर्थ दुसऱ्याने ठरवलेला होता. नागपुरात अर्थ ठरवण्याचा अधिकारच लोकांनी आपल्या हाती घेतला.

मात्र हे म्हणताना मागे राहिलेल्या ख्रिस्ती घरांकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मेथडिस्ट चर्च जानेवारी १९८१ मध्ये भारतात स्वायत्त झाले. परदेशी साहेब गेले. पण जमिनी, शाळा आणि पदे यांवरून होणाऱ्या वादांत दलित ख्रिस्ती माणसाचा आवाज किती ऐकला जातो, हा प्रश्न उरलाच. दलित ख्रिस्ती साहित्याने गेल्या काही दशकांत हा प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. बौद्ध कार्यकर्त्याने त्याला ‘परका’ समजणे म्हणजे १९५० च्या आदेशाची रेघ आपल्या मनातही ओढून घेणे होय.

म्हणून भंडारा, गोंदिया, नागपूर, वाशीम या भागांतील आपल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक काम सुचवावेसे वाटते. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, मिशन शाळांचे जुने हजेरीपट, कबरस्तानातील दगडांवरची नावे, घरातल्या ट्रंकेत पडलेली नेमणुकीची पत्रे आणि गीतांच्या वह्या ही सारी कागदपत्रे आजही आहेत, पण वाळवी लागण्याच्या बेतात आहेत. ती उतरवून घ्यावीत. म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः उपदेशकांच्या सुनांना व लेकींना, विचारावे: तुमच्या आजोबांनी वाचायला कोठे शिकले? कोणत्या गावाहून कोणत्या गावी बदली झाली? विहिरीचे पाणी कधी मिळाले? आजी काय काम करी आणि तिला त्याचे काय मिळे? भाऊबंदांपैकी कोण १९५६ ला दीक्षाभूमीवर गेले आणि कोण गेले नाहीत, आणि त्यानंतर लग्नाच्या पंगतीत दोघे एकत्र बसले का?

टिळकांच्या घराचे ‘स्मृतिचित्रे’ झाले, कारण त्या घरात लिहिणारी लक्ष्मीबाई होती आणि ऐकणारा समाज होता. चितंबरांचे नाव चर्चच्या इतिहासात आले, कारण ते बिशप होते. फेऱ्यावर हिंडणाऱ्या अस्पृश्य उपदेशकाला लिहिता येत होते, पण त्याचे लिहिणे अहवालाच्या आकड्यांत विरून गेले. त्याच्या वंशजांना शोधून, ते आज बौद्ध असोत की ख्रिस्ती, त्यांच्या तोंडून ही हकीगत लिहून घेणे हे आता आपल्या पिढीकडे आलेले काम आहे. ज्यांना ती सांगता येईल अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.